चार्ज

एकतीस मार्च. खिडकीबाहेर इवाकी डोंगर
अजून कमरेपर्यंत बर्फात,
आणि तोकुमारू-सान मला चार्ज देतायत.
तीन वर्षं झाली की इथे सगळेच उठतात:
शिष्यवृत्तीवाला जमाखर्चात, जमाखर्चवाला ग्रंथालयात.
खुर्ची तेवढी मागे राहते,
डावा हात कुरकुरणारी.

फाईल जाड आहे, एकशे बारा पानं.
कुठला फॉर्म कुठल्या तारखेला,
कुठला शिक्का गोल, कुठला चौकोनी.
पण पानं उलटताना ते सांगतायत
ते पानांत नसलेलंच:
इगाराशी सरांचा अर्ज एक दिवस उशिरा येतो,
म्हणून त्यांना तारीखच एक दिवस आधीची सांगायची.
तिसरा खण ओढायचा नाही, उचलायचा.
घानाहून आलेला तो मुलगा पाकीट उघडत नाही,
विद्यापीठाचं पाकीट म्हणजे वाईटच बातमी असं धरून बसतो.
त्याला पोस्टकार्ड टाकायचं.
माझी पेन्सिल मागे पडते.

पान त्र्याण्णव. समासात,
तिसऱ्याच कुणाच्या अक्षरात:
‘डिसेंबरात सुकी माकुळं येतील. मोजावीत. वीस.
आभार हाताने लिहावेत. लेटरहेड नको.’
“हे काय?”
“येतात. मी आभार लिहितो.”
“पण का?”
त्यांनी चष्मा काढून पुसला.
“विचारायचं राहूनच गेलं.”

डिसेंबरात खोकं आलं.
अख्ख्या मजल्याला समुद्राचा वास,
कुलसचिवांनी दार उघडून हुंगलं आणि काही न बोलता लावून घेतलं.
मोजली. वीस.
आभाराचं पत्र तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं.
कशाबद्दल आभार, ते माहीत नसताना
शाई पुढे सरकत नाही.

मग निघाले.
जमाखर्चात ओइकावा-सान होते, तोकुमारूंच्या आधीचे.
त्यांना माकुळांचं ठाऊक नव्हतं,
पण जाता जाता म्हणाले, बिलं मंगळवारी दिलीस
तर शुक्रवारी सुटतात, सोमवारी दिलीस तर कधीच नाही.
त्यांनी धाडलं रुग्णालयाच्या इमारतीत, नारुमी-सानकडे.
नारुमीने चहा दिला, जपानी न येणाऱ्या पालकांशी
बोलायला कुठली नर्स येते ते सांगितलं,
आणि एक पत्ता: बसचा शेवटचा थांबा,
कुरोइवा-बाई, निवृत्त.

कुरोइवा-बाई मुळे मिठात घालत होत्या.
ऐकून हसल्या, हात पुसलेच नाहीत.
“पाचला पाच कमी होते. पोरगा खिडकीशी.
फीमाफीचा अर्ज, बापाचा शिक्का नाही.
बाप माकुळाच्या बोटीवर, दोन महिने येणार नाही,
आणि मुदत त्याच दिवशी.
मी म्हटलं, गावच्या मच्छीमार संस्थेचं पत्र चालतं. फॅक्स मागव.
मी थांबते.”
“हे कुठे लिहिलं होतं?”
“कुठेच नाही. मला माझ्या आधीच्या बाईंनी सांगितलं होतं.”
“एवढंच?”
“एवढंच. एक वाक्य.
बाप अजून समजतो, खिडकीत मीच बसते.
तू लिही आभार. सही करू नकोस,
खिडकी क्रमांक चार, पुरे.”
निघताना मुळ्याची बरणी हातात दिली.
बसमध्ये सगळे माझ्याकडे बघत होते.

आज माझा एकतीस मार्च.
समोर मुनाकाता, बूट नवे, लिहितो भराभर.
पान सत्तावन्नवर मी शाईने घातलंय:
मच्छीमार संस्थेचं पत्र ग्राह्य.
तारीख, सही, गोल शिक्का.
पान त्र्याण्णवला हात लावला नाही.

“हे काय?” तो विचारतो.
“येतात.”
“पण का?”
मी चष्मा लावत नाही,
तरी हात डोळ्यांकडे गेला.
“तोकुमारू-सान आता परीक्षा विभागात आहेत,” मी म्हणते,
“त्यांच्यापासून सुरू कर.
आणि हे बघ, फोन करू नकोस.
जिन्याने जा.”