फेस

फेलिसा पहाटे चारला निघते, पाठीला गाठोडं बांधून,
गुरुवारच्या बाजारात जुने स्वेटर विकायला.
दार लोटता लोटता म्हणते,
"किन्वा नीट धू. मागच्यासारखं नको."

मागच्या वेळी
पांकारानं पहिला घास तोंडात घेतला,
न्यायाधीशासारखा क्षणभर विचार केला
आणि सगळा माझ्या बाहीवर परत केला.
कडू होता म्हणे.
मला काय कळणार?
तीन वर्षं झाली, तापात माझं नाक गेलं,
मागोमाग जीभही गेली,
म्हाताऱ्यामागून म्हातारी जाते तशी, फारसा गाजावाजा न करता.

तेव्हापासून मी जेवतो ते नुसतं गरम आणि गार,
मऊ आणि कडक.
कांदा म्हणजे डोळ्यांतलं पाणी, बस्स.
चवीबद्दल ऐकतो लोकांकडून,
समुद्राबद्दल ऐकावं तसं.
आमच्या देशाला तोही नाही.

म्हणून धुतो.
परातीत दाणे, बर्फासारखं पाणी, तळहातावर तळहात.
पहिल्या पाण्याला साबणासारखा फेस,
दुसऱ्याला तेवढाच.
पाखरांपासून वाचायला दाण्यानं जपलेलं कडूपण,
ते असं एका पाण्यात कोण सोडेल?
पाचव्या पाण्यात माझी बोटं मेली.
सहाव्याला थोडा फेस, कडेकडेनं.
फेस येईनासा झाला की थांबायचं,
हे वरच्या मजल्यावरच्या दोन्या इलारियानं शिकवलं.
सहा पोरं वाढवली तिनं, माप एकाही पदार्थाचं सांगता येत नाही.
"जीभ नाही तर डोळे वापर," म्हणाली,
"ते तरी शाबूत आहेत ना?"

एल आल्तोच्या या उंचीवर पाणी लबाड.
लवकर उकळतं, उशिरा शिजवतं.
मिनिबसच्या दारात लटकून गिऱ्हाईक बोलवायचो,
तेव्हा असले ड्रायव्हर पुष्कळ पाहिले,
हॉर्न मोठा, चाल गोगलगाईची.
म्हणून झाकण, झाकणावर दगड,
आणि मी दगडाशेजारी.
जाड वाल सोलून चाळणीतून दाबले.
भोपळा घोटला.
लामाचं वाळवलेलं मांस खलबत्त्यात
धूळ होईतो कुटलं. चिमूटभरच, रक्तासाठी.
मीठ नाही. दवाखान्यातल्या नर्सनं बोट नाचवून बजावलंय.
मला काय, असलं नसलं सारखंच.

"सेहा, सेहा, सेहा! एक जागा रिकामी!"
चमचा वळणं घेत निघाला.
पांकारानं दार उघडलं, प्रवासी आत गेला.
मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिलो.
आधी कपाळ. मग एक भुवई.
ओठाचा डावा कोपरा जरा खाली...
थांबलो. कडू नाही हे.
कडूला ती सगळी आक्रसते, पायाच्या बोटांपर्यंत.
हे नुसतं सपक.

गच्चीवर ओकाचे कंद अकरा दिवस सुरकुतत पडलेत.
ऊन त्यांना गोड करतं म्हणतात.
मला दिसतात फक्त सुरकुत्या.
दोन उकडले, कुस्करले, मिसळले.
सेहा, सेहा.

आता भुवया दोन्ही वर.
हात ताटलीवर आपटला, एकदा, पुन्हा,
आणि तोंड उघडं ठेवून माझ्याकडे पाहिलं,
"गाडी का थांबली?" अशा रागानं.

अर्धी वाटी संपल्यावर
तिनं लडबडलेली चार बोटं
माझ्याच तोंडात घातली.
गरम. मऊ. एक छोटं नख.
बाकी काही नाही.
ती निरखत होती, अगदी जवळून,
मी तिला निरखतो तसं.
मग मी दोन्ही भुवया वर केल्या.
तिच्याकडूनच शिकलो होतो, आत्ताच.

अंधार पडल्यावर फेलिसा आली.
गाठोडं न उतरवताच वाटीचा तळ बोटानं निपटला.
"गोड झालंय."
"माहीत आहे," मी म्हणालो
आणि उद्याचे दाणे निवडायला घेतले.