कुजबूज

बाबा बार्जवर कारकून होते
आणि वर्षातून दोन रात्री प्रॉम्प्टर.
चोडणात, देवळापुढच्या मांडवात, उजव्या विंगेत
पत्र्याची खुर्ची, मांडीवर वही,
बॅटरीच्या काचेवर चॉकलेटचा लाल कागद,
उजेड बाहेर फुटू नये म्हणून.
मी त्यांच्या पायांशी चटईवर.
प्रत्येक नाटक मी दोनदा ऐकलं,
आधी कुजबुजीत, मग आरोळीत.
कुजबुजीतलं मला पटायचं.

नायिका म्हणजे आमचा पोस्टमन सगुण.
घोटून दाढी, हातभर बांगड्या,
तो ‘नाथ!’ म्हणाला की बायका पदराने डोळे पुसायच्या.
मी नऊ वर्षांची. विचारलं,
बाईचं काम बाई का नाही करत?
बाबांनी पान उलटलं.
“गप. पुढचं वाक्य जाईल.”

मग पणजी. एकांकिका, तिसरं बक्षीस, दोनदा.
परीक्षक चहा पिता पिता म्हणाले, लिहितेस बरं,
आवाज मात्र विंगेच्या पलीकडे जात नाही.
बरोबर आहे. तो तिथलाच आहे.

म्हणून कॅमेऱ्याकडे गेले. कॅमेरा जवळ येतो.
म्हापशाच्या लग्नवाल्या फोटोग्राफरने दिला,
भाड्याऐवजी दोन रिसेप्शनं शूट करून घेतली.
आईच्या भूमिकेत एस्तेलीन, बँकेतून निवृत्त,
प्रत्येक टेकनंतर विचारायची, हिशेब जुळला?
मुलगी मीच, कारण मला पैसे द्यावे लागत नव्हते.
घरात मी कोंकणीतून भांडते, वहीत मराठीतून लिहिते,
महोत्सवाच्या अर्जात भाषेसाठी एकच चौकोन असतो.
सात अर्ज. सातही वेळा त्या चौकोनाशी तासभर.
सहा उत्तरं सारखीच, नम्र.
सातवं आलंच नाही, म्हणून ते अजून मला आवडतं.

डबिंग गोधड्यांखाली, एप्रिलात;
तरी फेरीबोटीचं इंजिन शिरलंच प्रत्येक संवादात.
तीन रात्री ते पुसत बसले.
चौथ्या रात्री परत आणून ठेवलं.

पहिला खेळ रायबंदरच्या क्लबात. पडदा म्हणजे चादर,
माणसं तेवीस, त्यांतली दोन पंखा दुरुस्त करणारी.
बाबा आले नाहीत, काळोखातली बोट त्यांना नको वाटते.
चाळिसाव्या मिनिटाला वीज गेली.
कुणी उठेना. म्हणून मी उठले,
मोबाइलच्या उजेडात उरलेला सिनेमा करून दाखवायला,
आई मी, मुलगी मी, दार वाजतं तेही मीच.
आणि आईच्या एका वाक्यापाशी अडले.
माझंच वाक्य, अकरा वेळा खोडून लिहिलेलं.
उजवीकडे पाहिलं.
उजवीकडे भिंत.

तेव्हा मागच्या बाकावरून, पिकल्या गळ्यातून,
“नाथ!”
सगुण. पेन्शनीतला, काठीसकट.
सगळे हसले, मीही. मग म्हटलं, या.
तो आला, आईच्या जागी बसला,
आणि एक शब्द न बोलता
नसलेला पदर सारखा केला.
ती बाई बसते कशी, हे मी लिहिलंच नव्हतं.

शेवटच्या बोटीवर त्याने विचारलं,
“बरा करायचो का गं मी, बाईचं काम?”
“बरा,” म्हटलं. “पण ते आमचं होतं.”
“ठाऊक होतं,” म्हणाला पाण्याकडे बघत,
“म्हणून तर दाढी दोनदा घोटायचो.”

सकाळी चादर आणायला गेले. वॉचमन म्हणाला,
रात्री दीडला वीज आली. बटण दिसलं, दाबलं.
तुमचा पिक्चर पुढे झाला. शेवट मी एकट्याने पाहिला.
मी विचारलं, कसा?
म्हणाला, बाई शेवटी काय बोलते
ते बोटीच्या आवाजात कळलंच नाही.
ओठ हलले फक्त. मग मीच आपलं म्हटलं तिच्या वतीने.
काय म्हटलंत?
तो लाजला. चाव्यांशी चाळा करत
एक वाक्य म्हणाला.
माझं नव्हतं ते.

मी वही काढली.
“परत सांगा,” म्हटलं. “हळू.”