संमतीपत्र, आवृत्ती चौथी

शनिवारी दुपारी दोनला
चादरींच्या जुन्या कोठीत आमचा वर्ग भरतो.
कपाटं हलवली, फिनाईलचा वास राहिला.
कूलरमध्ये पाणी भरायची पाळी आज माझी :
वैजयंता मेश्राम, वॉर्ड तीन,
एकवीस वर्षं नोकरी,
वहीला खाकी कव्हर, मुलाने घालून दिलेलं.

खानझोडे मॅडम फळ्यावर लिहितात : यादृच्छिक.
आम्ही अकरा जणी एकमेकींकडे बघतो.
मागून फार्मसीचा इरफान,
"मॅडम, हा शब्द भंडाऱ्याला पोचेपर्यंत
पोट्टं मोठं होऊन जाईन."
मॅडमनाही हसू येतं. पुसतात.
"मग सांगा, तुमच्या आईला कसं सांगाल?"

मी उठते.
चिठ्ठी टाकतो ना, तसं.
कोणत्या लेकराला कोणता डोस,
ते डॉक्टर ठरवत नाही, ओळख नाही, मीही नाही.
मॅडम तेच खडूने लिहितात.
माझं वाक्य फळ्यावर
शाळेतही कधी गेलं नव्हतं.

सिकलसेलची गोळी मोठ्यांच्या मापाची.
लहानांसाठी आम्ही ती मोडतो.
अर्धी, पाव, पावातली अर्धी,
चुरा साखरेच्या पाण्यात, चमच्याने.
इतकी वर्षं मापाच्या जागी
माझी दोन बोटं होती.
चुकली असतील कधी. कुठे लिहिलं नाही.

आता दोन वर्षांचा निधी आलाय :
एक डीप फ्रीजर, एक जनरेटर,
अर्ध्या पगाराची एक समन्वयक, आणि हा वर्ग.
मे महिन्यात बाहेर सेहेचाळीस, आत उणे वीस,
मधे मी,
दर दोन तासांनी आकडा लिहिणारी.
लाइट गेली की आधी फ्रीजरकडे धावते, मग पंख्याकडे.

कुरखेड्याहून आलेला बाप
शाईच्या पॅडवर अंगठा टेकवूनच बसला होता.
"कुठं लावू सांगा ना जी,
तुमी म्हणता तं चांगलंच अशीन."
मी पॅड उचलून टेबलाच्या खणात ठेवलं.
एवढंच शिकले म्हणा ना सहा शनिवारांत.
चाळीस मिनिटं वाचून दाखवलं.
मग त्याने खरा प्रश्न विचारला :
"नाही म्हटलं तं बेड जाईन का?"

नाही जात.

पोरगी नऊ वर्षांची, पायात एकच चप्पल.
"सुई किती वेळा?"
सहा.
"मग नाही."
बापाने डोळे वटारले.
पूर्वी मी बिस्किटाचा पुडा काढला असता,
गालाला हात लावून होकार काढला असता,
आणि सिस्टर किती मायाळू, म्हटलं असतं सगळ्यांनी.
मी लिहिलं : नकार. तारीख. वेळ अकरा वीस.
पेन थोडं जड गेलं.

रात्री सलाइन बदलताना तिनेच हटकलं,
"आता कोणाला विचारान?"
दुसऱ्या मुलांना.
"त्यायले पयलेच सांगजा, सहा."

संमतीपत्रात ते होतंच,
पान सात, परिच्छेद तीन, बारीक अक्षरात.
पुढच्या शनिवारी बराच वाद झाला,
समितीकडे कागद गेला, महिन्याने परत आला.
आता पहिल्याच ओळीत आहे, ठळक :
सुया सहा.

सुचवणारीचं नाव कुठेच नाही.
नकार दिलेल्यांना
आम्ही क्रमांकही देत नाही.