निर्लेखन

भांडारातला मुलगा यादी वाचत होता :
व्हॅक्यूम पंप, तीन, गंजलेले.
ओव्हन, एक, दार नाही.
आणि हे काय आहे, मॅडम?

हे म्हणजे
दीड हात लांब काचनळ्यांची गुंतवळ,
सात तोट्या, दोन फुगे, एक वळण.
त्रिंबक कासारांनी केलेलं,
एकाहत्तरच्या मार्चमध्ये, एकोणीस दिवसांत.

परदेशातून मागवायला परकीय चलन नव्हतं.
अर्ज दिल्लीला गेला तो तिथेच रमला.
मी पाठकोऱ्या कागदावर आकृती काढली
आणि तळमजल्यावर गेले.
त्यांनी ती आधी उलटी धरली, मग सुलटी.
"बाई, कागदावर सगळंच टिकतं.
हा कोपरा काचेला सोसायचा नाही."
आणि खडूने फरशीवर दुसरा काढला.

मी चिडले.
सव्वीस वर्षांची, नवी कोरी डॉक्टरेट,
पाषाणात येऊन महिना झालेला.

कोपरा त्यांचाच बरोबर होता.

त्यांची आई तुळशीबागेत बांगड्या भरायची.
"हात सैल सोड गं, असं ती बायकांना सांगायची,
मी काचेला सांगतो."
गुलाबी चष्म्याआडून ते ज्योतीत बघत.
काच पेटायची पिवळी,
त्यांना तो पिवळा दिसायचाच नाही,
नुसती काच दिसायची, मऊ होताना.
फुंकर मोठी नसे. लांब असे.

मग ती रात्र, जेव्हा दाब उतरेना.
दहा वाजता दिवे मालवून
ठिणगीची कांडी नळीनळीवरून फिरवत आम्ही दोघं.
जांभळी ठिणगी भटकत राहिली
आणि तिसऱ्या तोटीखाली एकदम पांढरी होऊन आत शिरली.
सुईच्या टोकाहून लहान भोक.
"माझंच," ते म्हणाले,
जसं कुणी गर्दीत आपलं मूल ओळखावं.
खडकीला सायकलने पोचायला त्यांना साडेबारा झाले असतील.
मी विचारलं नाही.

या नळ्यांनी आम्ही मोजलं
की त्या पांढऱ्या भुकटीच्या एका चिमटीत
बॅडमिंटनची सहा मैदानं मावतात.
त्यावर पुढे पेटंट झालं, कारखाना झाला,
मला एक शाल आणि एक नारळ,
नंतर दुसरी शाल.

निबंधावर नावं तीन.
त्यांचं शेवटी, बारीक टाइपात, आभारांत,
'कासार'चं 'कासर' होऊन.
प्रत द्यायला गेले तेव्हा हात पुसून त्यांनी ती घेतली,
दोनदा वाचली, घडी न घालता
जेवणाच्या डब्याखाली सपाट ठेवली.
चूक दाखवली नाही.
मी संपादकांना पत्र लिहिणार होते.
तेव्हा लिहिणार होते, त्यांच्या निवृत्तीला लिहिणार होते,
आणि ते गेल्याचं कळलं त्या आठवड्यातही
टेबलावर कागद काढून ठेवला होता.

मुलगा नोंदवहीत बोट फिरवत होता.
"खरेदीचं साल?"
खरेदी नाही. इथेच केलेलं.
"मूळ किंमत?"
लागली नाही.
"मग हे नोंदीतच नाहीये, मॅडम.
नोंदच नाही त्याचं निर्लेखन कसं करणार?"
तो खरंच अडचणीत होता. चांगला मुलगा.
"तुम्ही... म्हणजे, इथे नाहीच आहे ते."

तर मी ते जुन्या बेडशीटमध्ये गुंडाळलं.
फाटकावरच्या पहारेकऱ्याने बाहेर न्यायचा परवाना मागितला.
म्हटलं, नसलेल्या वस्तूचा परवाना कोण देणार,
भांडारात विचारा.
त्याने फोन केला, बराच वेळ ऐकलं, मला सोडलं.

रिक्षात ते मांडीवर आडवं.
विद्यापीठाच्या चौकात सगळं खणलेलं,
पत्रे, खड्डे, मागून हॉर्न.
रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं :
"काय आहे ओ आजी, वीणा?"
नाही रे, काच आहे.
"मग सावकाश घेतो," तो म्हणाला.
आणि मी, ऐंशीच्या घरातली,
दोन्ही हात सैल सोडून बसले.