दोन हजेरीपट

पुलाच्या अलीकडे पुणे, पलीकडे पिंपरी-चिंचवड,
मधून मुळा, आणि तिच्या काठाला आमचा प्लँट.
जमीन त्यांची, यंत्रं आमची,
विजेचं बिल अठ्ठावन्न-बेचाळीस.
वासाची वाटणी राहून गेली.
करारात तसा रकाना नाही, मी शोधलाय.

मी पुण्याच्या हजेरीपटावर, गव्हाणे त्यांच्या.
दोन कपाटं, दोन शिक्के,
रात्रपाळीला चहाचं पातेलं एक.

कोण उठलं ते मला पाण्यावरून कळतं.
पावणेपाचला पहिला लोट पलीकडून,
पहिल्या पाळीची माणसं,
घाईत चार तांबे अंगावर, साबण जेमतेम.
मग शाळांचे डबे, तव्याचं तेल.
औंध-बाणेर येतं नऊनंतर, सावकाश,
फेस मिरवत.
गव्हाणे म्हणतो, तुमचं पाणी शिकलेलं दिसतं, उशिरा येतं.
मी म्हणतो, तुमचं पंचिंग करून येतं.

दुसऱ्या मंगळवारी संयुक्त बैठक.
त्यांच्या मीटरचा आकडा, आमच्या मीटरचा आकडा,
आणि दोन्हींच्या मध्ये रोजचं चाळीस लाख लिटर,
जे कुठल्याच शहरानं सोडलेलं नाही.
साहेब लोक चष्मे पुसतात.
इतिवृत्तात येतं : सविस्तर चर्चा झाली.

रेहाना मोमीन, केमिस्ट, अर्धा पगार इकडून, अर्धा तिकडून,
दोन वेगळ्या तारखांना.
एकदा तिनं सूक्ष्मदर्शकाशी बोलावलं. बघ.
गाळाच्या थेंबात देठावर उभ्या इवल्या घंटा,
तोंडं उघडून खात होत्या
आपण सगळ्यांनी टाकलेलं.
यातली पुण्याची कुठली, मी विचारलं.
ती हसली नाही. काच धुतली, पुसली,
मग हसली.

त्या गुरुवारी सव्वादोनला वीज गेली.
जनरेटर आमचा, डिझेल त्यांचं,
डिझेलची फाइल लेखा विभागात,
टाकीत बोटभर.
ब्लोअर थांबले तशी नदी ऐकू आली.
अकरा वर्षं काठाला बसतोय,
तिला आवाज आहे हे माहीत नव्हतं.
बुडबुडे विरत गेले. पाणी काळं, सपाट.
खाली कोट्यवधी तोंडं हवेसाठी उघडी,
आणि अडीच तासांत पहिला लोट यायचा,
दार वाजवल्यासारखा.

कोणत्या साहेबांना फोन करायचा
यावर आम्ही भांडलो. पाचेक मिनिटं, मन लावून.
मग गव्हाणेनं दोन कॅन उचलले, मी स्कूटर काढली.
दापोडीचा पंप बंद. पूल ओलांडून बोपोडीचा उघडा.
त्याच्याकडचे लेकीच्या फीचे पैसे, माझे पेट्रोलचे,
उरले ते मोमीनबाईंनी ऑनलाइन पाठवले, झोपेतून उठून,
का म्हणून न विचारता.
परतताना पुलावर हद्दीचा फलक लागला,
एका बाजूला स्वागत, दुसऱ्या बाजूला पुन्हा या.
कॅन मांडीशी धरून गव्हाणे मागून ओरडला,
पावती कुणाच्या नावानं?
मुळेच्या, मी म्हणालो. वाऱ्यात.
पंपावरच्या पोरालाही तेच सांगितलं होतं.

पावणेचारला टाकीच्या कोपऱ्यात एक बुडबुडा आला.
मग दुसरा.
गव्हाणे कठड्याला टेकून मोजत होता,
शंभरानंतर सोडून दिलं.

पावती अजून फिरते आहे.
पोरानं नावाच्या जागी लिहिलंय : श्री. मुळे.
आमचं लेखा विचारतं, हे गृहस्थ आपल्याकडचे का?
त्यांचं विचारतं, कोणत्या पदावर, कधीपासून?
काल तिसरं स्मरणपत्र आलं,
श्री. मुळे यांनी सात दिवसांत समक्ष खुलासा करावा.
दोन्ही हजेरीपट चाळले, दोन्हींत हे नाव नाही.

खुलासा लिहायला बसलोय.
गव्हाणे पातेलं घासतोय.
पावणेपाच होत आले,
पलीकडे कुणीतरी पहिला तांब्या डोक्यावर ओतला.