बाकी

खाजनावरून रस्ता गेला, त्याचे पैसे आले:
सात कोटी एकोणचाळीस लाख
एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस.
सिप्रियान म्हणाला, एकोणचाळीस चुकून दोनदा पडलंय.
नाही. आहे ते तेवढंच.

नेवऱ्याच्या कोमुनिदादीत आम्ही एकशे एकोणीस गांवकार.
मी हिशेबनीस. त्याआधी चौतीस वर्षं शाळेत गणित,
म्हणून खडू माझ्याच हातात.
प्रत्येकी सहा लाख एकवीस हजार तीनशे सदतीस.
बाकी तीस.

"तीस," सिप्रियान म्हणाला, आणि टोपी काढून
मांडीवर ठेवली.
जमीन देऊन हाती तीस नाणी.
आम्हा बाकीच्यांना ते जरा उशिरा कळलं.

कुणी म्हणालं, मेलेले दोघे वगळा.
कुणी म्हणालं, मुलींना धरा, दोनशे चाळीस होतील.
(यावर बराच वेळ खोकले.)
कितीही धरा, खाली काहीतरी उरायचंच,
ओहोटीला मानशीच्या दारात अडकून राहतं तसं.

तीन रात्री मी वहीत भागत बसलो,
आठ हजार पाचशे अठ्ठ्याण्णवपर्यंत, पुढे गरज नसते.
मूळ संख्या.
एकाने सगळी घ्यावी, नाहीतर सात कोटींनी
रुपया रुपया. मधली वाट नाही.

आणि गंमत अशी की
गुंठे गुणिले दर केलं तर असा आकडा येतच नाही.
गुणाकारातून मूळ संख्या निघत नसते.
कुठलं व्याज, कुठली कपात,
पणजीतल्या कुठल्या कारकुनाने पैसे कुठे गोल केले,
त्यालाही ठाऊक नसेल.

पुढच्या बैठकीत फळ्यावर ती लिहिली
आणि तळहाताने उजवीकडचा एक तीन पुसला.
७३९३९१३. हीही मूळ.
पुन्हा पुसला. ७३९३९१. मूळ.
"आणखी," मागून कुणीतरी.
७३९३९
७३९३
७३९
७३
एकही फुटली नाही. माझा तळहात पांढरा,
फळ्यावर डावीकडे एकटा सात.
"वांगड," शाणूबाब म्हणाला.
सात वांगडांनी खारं पाणी अडवून
पहिला बांद घातला होता इथे. पुढचं कुणी बोललं नाही.

शाणूबाबचा नातू मात्र: मग वाढवून दाखवा की!
वाढत नाही, पोरा. शेवटी एक जोड किंवा सात जोड,
तीनाने भाग जातो. तीन आणि नऊने
मला आणखी दोन रात्री जागवलं, मग तेही फुटले.
समाचं, पाचाचं तुला शाळेत शिकवलंय.
कितीही पुसा, मूळच राहते, अशी संख्या
याहून मोठी नाही. ही शेवटची.

वाटप झालं. कुणी गाडी घेतली, कुणी छप्पर केलं.
कोरगुट आता दुकानातून आणतो.

ते तीस रुपये अजून रजिस्टरात आहेत, शिल्लक या मथळ्याखाली.
दर मार्चअखेर मी ते पुढच्या पानावर ओढतो,
सिप्रियान सही करतो,
आकड्यावर अंगठा ठेवून.