सुवार्ता ऊर्फ सुवर्णा

सेमिनरीत मला शिकवलं होतं
मरणाऱ्याच्या उशाशी काय वाचावं.
पॉलिक्लिनिकच्या खिडकीशी काय बोलावं
ते कुणाच्या ध्यानातच आलं नसावं.

सोलापूरचा मार्च, सकाळी साडेआठलाच पत्रा तापलेला.
सात रस्त्यावरून रिक्षाने आलो :
मी, निवृत्त हवालदार एलिया रणभिसे,
आणि त्यांच्या मांडीवर, शेंगाचटणीच्या जुन्या पिशवीत,
डिस्चार्ज बुक.

रांगेत तेच माझे गुरुजी.
"आधी टोकन, पाळकसाहेब. मग डॉक्टर.
त्यांनी रेफरल लिहिला तरच पॅनलवरचं हॉस्पिटल.
थेट गेलात तर बिल आपल्या बोडक्यावर.
गोळी इथं नसली तर नसल्याचा शिक्का मागून घ्यायचा.
शिक्का नाही, तर गोळी कमी नव्हतीच."
मी लिहून घेतलं,
रविवारच्या उपदेशाचे मुद्दे होते त्याच पानावर.
शेजारी एका शिपायाची विधवा,
उभा जन्म विड्या वळलेली बोटं,
टोकनही तसंच वळत होती.

खिडकीतला पोरगा म्हणाला,
बाईंचं नवं कार्ड निघणार नाही.
लष्कराच्या कागदात सुवर्णा, आधारवर सुवार्ता.
एकच बाई कशावरून?

बेचाळीस वर्षांपूर्वी कुणा कारकुनाला
असं नाव असतं हे पटलं नव्हतं.
त्याने आपल्या मनाने सुधारलं.
बाई घरी. पाय सुजलेले. डॉक्टर डायलिसिस म्हणालेत.

संध्याकाळी मंडळीचं कपाट उघडलं.
बाप्तिस्म्याची वही, वाळवीने एक कोपरा नेलेला,
निळ्या शाईत : सुवार्ता. आई मार्था. बाप गिरणीत जॉबर.
दाखला लिहिला, शिक्का मारला.
इतकी वर्षं हा शिक्का
लग्नाच्या पत्रकांवरच उठवत होतो.
झेरॉक्स, प्रतिज्ञापत्र, रेकॉर्ड ऑफिसला रजिस्टर पोस्ट.
दोन महिने तरी, म्हणाले.
बाई म्हणाल्या, "तवर सुवर्णा म्हणून आजारी पडू का?"
आणि स्वतःच हसल्या, धाप लागेपर्यंत.

अंगणात हवालदारांना विचारलं,
तुम्ही रात्रभर खाटेवर बसून असता म्हणे.
त्याचाही डॉक्टर असतो ना पॅनलवर?
"असतो."
मग?
"तोंडाने मागावा लागतो."
मी म्हटलं, मंगळवारी येतो. प्रार्थना केली नाही.

मंगळवारी पोचलो तेव्हा
ते दाराशी उभे होते,
बुटांना पॉलिश करून.